गरोदरपणातील स्वादुपिंडदाह आणि मधुमेही किटोअॅसिडोसिस

गरोदरपणात सतत उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली की स्वादुपिंडदाह (स्वादुपिंडाला येणारी सूज) आणि मधुमेही किटोअॅसिडोसिस (इन्सुलिनच्या अभावी किटोन नावाची आम्ले साचून रक्त आम्लधर्मी होणे) या दोन गंभीर शक्यता सहज निसटतात, कारण या तक्रारी गरोदरपणाच्याच मानल्या जातात.

तीव्र स्वादुपिंडदाहाचे सर्वांत सामान्य कारण पित्ताशयातील खडे हे असून, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे पित्ताशय मंदावल्याने ते या काळात वाढतात. रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) दर डेसिलिटरला १००० मिलिग्रॅमच्या पुढे जाणे हे दुसरे कारण होय. वेदना पोटाच्या वरच्या भागात असते व पाठीकडे जाते. रक्तातील लायपेज (स्वादुपिंडातील पाचक विकर) सामान्य कमाल पातळीच्या तिपटीहून अधिक आढळल्यास निदानाला बळकटी मिळते.

किटोअॅसिडोसिस प्रामुख्याने पहिल्या प्रकारच्या मधुमेहात होतो, आणि माझ्या मते तो अधिक फसवा आहे. एरवी त्यात रक्तातील साखर दर डेसिलिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर असते. गर्भवतीत मात्र ती २००च्या खाली असतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकते, कारण आम्लता निष्प्रभ करणाऱ्या बायकार्बोनेटचा साठा आधीच कमी असतो. म्हणून केवळ ग्लुकोमीटरवर विसंबू नये, किटोनही तपासावेत.

शिरेतून द्रव दोन्हींत लागतो. किटोअॅसिडोसिसमध्ये इन्सुलिन व पोटॅशियम निर्णायक ठरतात. बाळाच्या हृदयाचे ठोके बिघडलेले दिसले, तरी आईची आम्लता उतरताच ते बहुधा सुधारतात, त्यामुळे सिझेरियनची घाई सहसा टाळली जाते. खड्यांमुळे झालेल्या दाहात मात्र पित्ताशय तसेच ठेवल्यास त्रास पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी असते, आणि शस्त्रक्रियेस दुसरी तिमाही सोयीची मानतात.

क्वचित दोन्ही एकत्रही येतात: इन्सुलिनच्या अभावी ट्रायग्लिसराइड भडकते आणि स्वादुपिंडाला सूज येते.