एलरॅड की साधा कर्णा?

कर्ण्याचा आवाज पसरट जातो. एलरॅड म्हणजे आवाज झोतासारखा लांबवर फेकणारे ध्वनियंत्र; त्याच्या सपाट तबकडीतले अनेक ट्रान्सड्यूसर (विजेच्या संकेताचा आवाज करणारे घटक) एकाच तालात कंप पावतात, २.५ किलोहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम १४ सेंटिमीटर आणि तबकडी त्याहून बरीच रुंद, म्हणून साधारण ३० अंशांचा झोत मिळतो. लांबवर शब्द स्पष्ट पोचवायला एलरॅडच सरस.

गर्दी पांगवायला त्यावर कर्कश इशारा लावला, की मात्र धोका सुरू. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले तरी पातळी ६ डेसिबलनेच उतरते: मोठ्या यंत्राचे १ मीटरवर १४९ डेसिबल, तर ८ मीटरवरही १३१. कान दुखतात, कायमचे अधूही होऊ शकतात. पुढच्या रांगेतल्या माणसाला मागच्या दाटीमुळे हलताच येत नाही! अमेरिकेत पिट्सबर्गला २००९ च्या जी-२० निदर्शनांत एलरॅड वापरले गेले. जवळच्या गर्दीला कर्णाच बरा.