शहाद्याकडची स्ट्रॉबेरी रोपांची नर्सरी – रोप एक नंबर, पण लेबलचं तेवढं बघा

रोपं एक नंबर आहेत हे आधीच सांगून टाकतो. शहाद्याहून धडगावकडे जाताना ही नर्सरी लागते, छोटीच आहे, बाहेर धड बोर्डपण नाही, विचारत जावं लागतं. आतापर्यंत आमच्याकडे स्ट्रॉबेरी लावायची म्हटलं की रोपं वाई-महाबळेश्वरकडून आणायची, रात्रभर पिकअपमध्ये हादरत यायची आणि उतरवेपर्यंत बरीचशी माना टाकून बसलेली. वर सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यात डाबला आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवतातच ना, मग रोप पण जवळच मिळायला पाहिजे होतं, ते आता मिळतंय याचा खरंच आनंद आहे.

मी ट्रे दाखवा म्हटलं तर नर्सरीवाल्या दादांनी मधलंच एक रोप उपसून हातात दिलं, म्हणे "पहिले मुया देखा, पानं मंग." मुळ्या पांढऱ्याशुभ्र, कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा हलवून पाहिला तरी सुटला नाही. मग त्यांनी ब्लेड घेतलं आणि त्याच रोपाचा क्राऊन, म्हणजे पानं जिथून फुटतात तो बुडखा, उभा चिरून दाखवला. आतून स्वच्छ पांढरा. तिथे लालसर-तपकिरी चट्टे दिसले की समजायचं बुरशी आत शिरलीय, असं रोप वरून कितीही हिरवंगार असो, शेतात गेल्यावर दुपारी कोमेजतं, संध्याकाळी जरा सावरतं आणि आठवड्याभरात जातं, मग कितीही औषध सोडा. विकायचं रोप गिऱ्हाइकासमोर चिरून दाखवणारा माणूस मला तरी दुसरीकडे भेटला नाही.

मागे मदर प्लांटचे, म्हणजे ज्यांच्यापासून नवी रोपं काढतात त्या झाडांचे, बेड आहेत, तेही बघू दिले. फूल दिसलं की खुडून टाकतात, कारण मदरने फळ धरलं की रनर, म्हणजे जमिनीवर सरपटणारे फुटवे ज्यांना नवी रोपं येतात, ते कमी सोडते. दिवस मोठा आणि हवा गरम असेपर्यंत रनर सुटतात, थंडी पडायला लागली आणि दिवस लहान झाला की झाड फुलावर जातं, त्यामुळे रोपं बनवायचं काम सगळं पावसाळ्यातच येतं आणि बुरशीचा जोरपण नेमका तेव्हाच. अँथ्रॅकनोज या बुरशीजन्य रोगाचे बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांवर एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून इथे बेडवर प्लास्टिकचं छत आहे आणि पाणी ड्रिपनेच, स्प्रिंकलर नाही. रोपाला रुपया-दोन रुपये जास्त घेतात ते मला यासाठीच पटलं, मेलेल्या रोपाच्या जागी परत रोप लावायचं म्हणजे मजूर, वेळ आणि हंगाम तिन्ही जातात भाऊ.

आता तक्रार. विंटर डॉन आणि स्वीट चार्ली या दोन्ही व्हरायटी ठेवतात, पण ट्रे शेजारी-शेजारी आणि काहींवर नावाची पट्टीच नाही. लहान रोपावरून व्हरायटी ओळखणं आपल्यासारख्याचं काम नाही, तेव्हा हे त्यांनी सुधारायलाच पाहिजे. माझ्या एका ट्रेत पानाच्या खालच्या बाजूला लाल कोळी ही कीड पण निघाली. लगेच बदलून दिला, कटकट केली नाही, तरी तुम्ही प्रत्येक ट्रेची पानं उलटून बघाच. पक्कं बिल मागावं लागतं, मागितलं तर देतात.

खाली सपाटीवर लावणार असाल तर ऑक्टोबर हीट जरा उतरू द्या, घाई करू नका, आपल्या जळगाव-शहाद्याकडचं ऊन आणि डाबची हवा यात फार फरक आहे. लावताना क्राऊन मातीत गाडू नका, निम्मा वर दिसला पाहिजे, नाहीतर चांगलं रोपपण सडतं. मी संध्याकाळी लावलं, मल्चिंगवर (बेडवर अंथरलेल्या प्लास्टिक कागदावर), पहिले काही दिवस दुपारी वरून हलकं पाणी दिलं. तुटाळ, म्हणजे रोपं मरून पडलेल्या मोकळ्या जागा, अगदी थोडी झाली आणि नाताळाच्या आसपास पहिली फळं हातात आली, लाल, घट्ट, वासाची.

बुकिंग पावसाळ्यातच करून ठेवा, ऐनवेळी गेलात तर उरलीसुरली रोपं मिळतात. एकरी साधारण 22 ते 24 हजार रोपं लागतात आणि एवढी एकाच लॉटमधली इथे मिळतीलच असं नाही, मोठा प्लॉट असेल तर आधी फोनवर विचारून घ्या, फोन सकाळी लवकर केला तरच उचलतात.