बोर्दोची रेड वाइन: २०१६, २०२१ की २०२२?

बाटलीवर छापलेलं साल हे काढणीचं. कर्नाटकातल्या अथणी-तेलसंगच्या द्राक्षबागांत फळछाटणीची कात्री चालते, त्याच सुमारास फ्रान्समधल्या बोर्दोत घड उतरवतात. तिथे फळावरच्या वेलींना ठिबक द्यायला सहसा परवानगी नसते. आभाळ देईल तेवढंच पाणी, म्हणून तिथे साल बघूनच बाटली घ्यावी.

२०१६ ला पहिले सहा महिने पाऊस भरपूर झाला, ओल खोल मुरली. जूनच्या सुरुवातीला फुलोऱ्यापुरती उघडीप मिळाली आणि घड नीट धरले. मग सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ कोरडं. असा ताण बसला की शेंडा थांबतो, मणी बारीक राहतो आणि रसाच्या मानाने मण्याची साल जास्त पडते. रंग आणि तुरटपणा सालीतच असतो. १३ सप्टेंबरच्या पावसाने वेली सावरल्या, गार रात्रींनी आंबटपणा टिकवला. तिघांत तोलाचं साल हेच. चांगली बाटली अजून दहा-पंधरा वर्षं सहज टिकेल. आत्ता उघडायची तर दोन तास आधी भांड्यात ओतून ठेवा.

२०२१ ला एप्रिलमध्ये, म्हणजे आपल्याकडे खरड छाटणी चालते तेव्हा, तिथे पारा शून्याखाली गेला आणि कोवळे कोंब करपले. मर्लो ही द्राक्षाची जात लवकर फुटते, तिला फटका जास्त. त्यावर ओल्या हवेत डाऊनी ही बुरशी आली, उन्हाळाही गारच गेला. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल होतो. साखरच कमी भरल्याने बऱ्याच बाटल्या १३ टक्क्यांच्या आसपास आहेत. अर्धवट पिकलेल्या कॅबर्ने जातीच्या द्राक्षांना ढबू मिरचीचा वास येतो, म्हणून या साली नावाजलेल्या उत्पादकाचीच घ्या. तशी मिळाली तर हलकी, आंबूस, जेवणासोबत छान लागते.

२०२२ उष्ण आणि कोरडं. वाइन गडद, पिकल्या फळाची, बहुधा १४ टक्क्यांच्या वर. मटणाच्या रश्श्यासोबत मात्र इतका अल्कोहोल तिखट वाढवतो.

निवड करताना घरातली जागा आधी बघा. १२ ते १५ अंशांचं कपाट असेल तर २०१६ घ्या. नसेल तर मे महिन्यात अथणी-रायबागकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि २५ अंशांवर महिनोन्‌महिने राहिलेली वाइन वेळेआधी म्हातारी होते. तिथे २०२१ घेऊन उन्हाळ्याआधी संपवलेली बरी. दुकानात बूच वर सरकलेलं किंवा टोपणाखाली चिकट ओघळ दिसला, तर ती बाटली बहुधा कुठेतरी तापलेली आहे. घेऊ नका.