आईचं आयुष्मान कार्ड निघालं, आता पॉलिसी बंद करायची का?

इंदूरच्या आमच्या मराठी घरांत हा प्रश्न सध्या चहासोबत येतो. आरोग्य विम्याच्या पॉलिसीचा हप्ता भरायची तारीख जवळ आली की जरा जास्तच. माझं उत्तर: कार्ड काढा, आणि पॉलिसीला घाईने हात लावू नका. दोन्हींत सरकार आहे, पण वेगवेगळ्या खुर्चीत बसलेलं.

कार्डात सरकार बिल भरतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आधार दाखवून 'वय वंदना' कार्ड निघतं. आधीपासूनचा मधुमेह, हृदयविकार पहिल्या दिवसापासून चालतो. हे कुठलीही खासगी कंपनी बहात्तरीच्या बाईला सहसा देणार नाही. आई-बाबा दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर ५ लाख मात्र दोघांत मिळून.

आता खाचाखोचा. दाखल व्हावं लागतं. दरमहा लागणाऱ्या बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरची फी यात नाही. वॉर्ड जनरल. उपचारांचे दर सरकारने ठरवलेले, म्हणून सगळी खासगी रुग्णालयं योजनेच्या यादीत नाहीत. शिवाय यादीतलं रुग्णालय सगळ्याच विभागांसाठी असेल असंही नाही. नातेवाईक नेमके इथेच फसतात: ‘आयुष्मान चलता है क्या?’ एवढंच विचारतात. विचारायचं असं, की गुडघ्याला चालतं का, अँजिओप्लास्टीला चालतं का. १४५५५ वर फोन करूनही कळतं.

पॉलिसीत सरकार पंच आहे. पैसे तुमचे, नियम विमा नियामकाचे. एप्रिल २०२४ पासून जुन्या आजाराच्या खर्चासाठी कंपनीला ३ वर्षांपेक्षा जास्त थांबवता येत नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तरी हप्ता जड तो जडच. पण दहा वर्षं चालवलेली पॉलिसी सोडली आणि पुढे पुन्हा घ्यावीशी वाटली, तर कंपनी नव्याने तपासण्या मागेल, आणि जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत शून्यापासून. बाबा अजून अडुसष्टचे असतील तर वयाच्या आधारावर कार्डही नाही. त्यांची पॉलिसी चालू राहू द्या.

आई सीजीएचएसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचारी-पेन्शनरांच्या आरोग्य योजनेत असेल, तर मात्र ती योजना आणि हे कार्ड यांतून एकच निवडावं लागतं. खासगी विम्याला अशी अट नाही.

आणि एमवाय, म्हणजे इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय? तिथे सरकार स्वतःच दवाखाना चालवतं. गर्दी धार-झाबुआपासूनची, तास-दोन तास उभं राहायची तयारी हवी. आपल्या लोकांना ‘एमवायला नेलं’ म्हणायची लाज वाटते, हा निव्वळ दिखावा. अपघात झाला तर मेडिकल कॉलेजचे डॉक्टर रात्री दोनलाही तिथे असतात, आणि आयुष्मान कार्ड तिथेही चालतं. मोतीबिंदूसारख्या ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी मात्र मी आधी यादीतलं घराजवळचं रुग्णालय बघेन.

हप्ता अगदीच झेपत नसेल तर पॉलिसी बंद करण्याआधी विम्याची रक्कम कमी करून मिळते का, ते एजंटला विचारा. आणि आईला कुठल्या दवाखान्यात जायचंय, ते तिलाच.