फ्लूच्या लशीची टक्केवारी: कोणती, कशासाठी धरायची?

लस घ्यावी का, हे ठरवायला बसलं की आकडे गोंधळात टाकतात. अमेरिकेत २०१०-११ च्या हंगामात संरक्षण ६० टक्के, २०१४-१५ मध्ये अवघं १९. त्या वर्षी लशीतले विषाणू ठरून गेल्यावर एच३एन२ या फ्लूच्या उपप्रकाराने रूप पालटलं होतं.

हे दोन्ही आकडे ‘टेस्ट-निगेटिव्ह’ पद्धतीचे. ताप-खोकला घेऊन दवाखान्यात आलेल्यांचा स्वॅब घ्यायचा आणि फ्लू निघालेले व न निघालेले यांच्यात लस घेतलेले किती, ते पाहायचं. समजा, १०० पॉझिटिव्हांत ३० जणांनी लस घेतलीय, १०० निगेटिव्हांत ५० जणांनी. ३०:७० ला ५०:५० ने भागलं की ०.४३ येतात; ते एकातून वजा केले की ०.५७, म्हणजे संरक्षण ५७ टक्के. दोन्हीकडची माणसं मुळात डॉक्टरकडे जाणारीच, ही यातली खरी हुशारी. घरीच काढा पिऊन बरे झालेले मात्र हिशेबात येत नाहीत.

लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मृत्यूंची सरळ तुलना सोपी वाटते, पण मी तिच्यावर विसंबणार नाही. सिअ‍ॅटलमधल्या ६५ वर्षांवरच्यांच्या, २००६ साली छापून आलेल्या अभ्यासात लस घेतलेल्यांमधला मृत्यूचा धोका फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधीच ६१ टक्के कमी दिसला. फ्लूच नव्हता, तर लशीने वाचवलं कशापासून? अंथरुणाला खिळलेली माणसं लस घ्यायलाच गेली नव्हती, हे त्यामागचं मोठं कारण.

चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून केलेल्या चाचणीत ही गफलत टळते. अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ३२,००० ज्येष्ठांवर जास्त मात्रेची लस अशीच तपासली. उत्तर आलं, फ्लू २४ टक्के कमी. हा आकडा साध्या लशीच्या तुलनेतला आहे, लस न घेण्याच्या तुलनेतला नव्हे. इथे भलेभले फसतात. शिवाय एवढा खटाटोप दरवर्षी शक्य नाही, विषाणू मात्र बदलत राहतो.

रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या अँटीबॉडींची, मोजणी झटपट होते. १:४० या पातळीला, म्हणजे रक्तद्रव ४० पट पातळ करूनही प्रतिपिंडं विषाणूला अडवत असतील तर, साधारण निम्मं संरक्षण धरतात. कंपनीला ते उपयोगाचं, तुम्हाला फारसं नाही.

तेव्हा यंदा लस कितपत चालली, यासाठी टेस्ट-निगेटिव्ह. दोन लशींतून एक निवडायची तर चाचणी. आणि हो, महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यातही उसळतो. अमेरिकी हिवाळ्याचा आकडा इथे लावण्याआधी आपल्याकडे कोणता उपप्रकार फिरतोय, ते डॉक्टरांना विचारा.