हार्वर्डचा ‘सीएस५०’: घरी बसून केलेला अभ्यास

हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस५०’ हा संगणकशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम २०१२ पासून एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला आहे आणि मी तो नोकरी सांभाळून, रात्री घरी बसून पूर्ण केला. प्राध्यापक डेव्हिड मॅलन पहिल्याच व्याख्यानात जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडतात. निम्मा भाग बाजूला टाकत गेल्यास हजार पानांतून हवे ते पान जेमतेम दहा टप्प्यांत कसे सापडते, हे एकदा पाहिले की बायनरी सर्च ही शोधण्याची पद्धत कायमची मनात ठसते. खरा कस मात्र गृहपाठात लागतो. सी या प्रोग्रॅमिंग भाषेत हॅश (#) चिन्हांचा, मारिओ या व्हिडिओ गेममधल्यासारखा मनोरा रचताना माझी प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकत होती; गृहपाठ आपोआप तपासणाऱ्या ‘चेक५०’ या साधनाने अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकृती समोर ठेवल्या, तेव्हा रिकाम्या जागा मोजण्यातली चूक लक्षात आली. शिक्षण मोफत आहे, एडएक्सचे पडताळणी केलेले प्रमाणपत्र हवे असेल तरच पैसे भरावे लागतात. मात्र यातून पदवी मिळत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजी उपशीर्षके लावून व्याख्याने थोडी थोडी पाहावीत. पॉइंटरचे, म्हणजे संगणकाच्या मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलचे, व्याख्यान तर मी तीनदा पाहिले.