दुसरी टाकी की इंडक्शन? सोलापुरातल्या घराचा हिशोब

जुळे सोलापुरात नवा संसार मांडलेल्या भाचीनं गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं, "मावशी, गॅसची दुसरी टाकी घेऊ की तेवढ्याच पैशात इंडक्शन आणू?" घरात माणसं तीन, स्वयंपाक दोन्ही वेळचा, आणि सासूबाईंना ज्वारीची भाकरीच लागते. फोनवर घाईत सांगितलं, आता नीट मांडते.

आधी टाकीत काय असतं ते बघू. आपला घरगुती गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे 42 अंशालाही उकळतो, ब्यूटेन शून्याच्या आसपास. अमेरिकेत बर्फ पडतो तिथं ब्यूटेनची वाफच होणार नाही, म्हणून तिकडच्या घरांना निव्वळ प्रोपेन लागतो. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेही ब्यूटेन आरामात पेटतो. उलट मे महिन्यात पारा 43-44 वर गेला की निव्वळ प्रोपेनचा दाब ब्यूटेनच्या तिपटीहून जास्त भरतो. किलोमागे उष्णता दोघांची जवळजवळ सारखीच. त्यामुळे "शुद्ध प्रोपेन चांगला" असं कुणी सांगितलं तरी सोलापुरात त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

भावाचं गणित मात्र या दोन्हींच्या परदेशातल्या दरांशी बांधलेलं आहे. सौदी अरामको दर महिन्याला प्रोपेन आणि ब्यूटेनचे दर जाहीर करते. आपण निम्म्याहून जास्त गॅस आयात करतो, म्हणून ते दर इथवर पोचतात. हॉटेलवाल्यांच्या 19 किलोच्या टाकीचा दर बहुधा दर एक तारखेला हलतो तो त्यामुळेच. घरगुती टाकीचा दर सरकार धरून ठेवतं, मग एकदम सोडतं: मार्च 2024 मध्ये 100 रुपये उतरला, एप्रिल 2025 मध्ये 50 चढला.

अमेरिकेतल्या खेड्यांत घरामागे 500 गॅलनची टाकी असते. ती 80 टक्केच भरतात, तरी साडेसातशे किलोच्या वर गॅस मावतो, म्हणजे आपल्या पन्नासहून जास्त टाक्या. ते लोक उन्हाळ्यात भाव पडला की भरून घेतात आणि हिवाळाभर जाळतात. आपल्याला दोनच टाक्या ठेवता येतात, 28.4 किलो. तेवढ्यानं भाव साधता येत नाही. आपली साठवण अडचणीच्या दिवसासाठी असते, आणि तुलना करताना हेच धरून चालायला हवं.

आता इंडक्शन. 14.2 किलो गॅसमध्ये साधारण 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर त्यातली दोन तृतीयांश, म्हणजे 120 युनिट भांड्याला लागते. इंडक्शनची सुमारे 85 टक्के लागते, म्हणून तेवढ्याच स्वयंपाकाला 140 युनिट वीज जाते. तेव्हा टाकीच्या किमतीला 140 नं भागायचं. 850 ची टाकी धरली तर युनिटला सहा रुपये येतात. वीज त्याहून स्वस्त पडत असेल तरच इंडक्शन परवडतं. महावितरणच्या बिलात पहिल्या 100 युनिटांनंतर दर जवळपास दुप्पट होतो, आणि पंखा, फ्रिज, उन्हाळ्यात कूलर असलेल्या घरात ती पहिली 100 युनिटं आधीच संपलेली असतात. इंडक्शनची युनिटं वरच्या दरात जातात. छतावर सोलर असेल तर गणित फिरतं, आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. पण बॅटरी नसलेलं सोलर लाईट गेली की स्वतःही बंद पडतं, हे बसवण्याआधी विचारून घ्यावं.

आणि भाकरी? इंडक्शनवर तवा ठेवून ती भाजता येईल, पण दुसरी बाजू जाळावर धरली की टम्म फुगते ते तिथं होत नाही. कडक भाकरीला तर मंद आच आणि तव्याजवळ धीरानं उभं राहणं लागतं. चहा, दूध, कुकर, खिचडी यांना मात्र इंडक्शन फार सोयीचं, आणि उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापत नाही.

आमच्याकडे बरीच वर्षं एकच टाकी होती. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, ऐन भोगीला पाहुणे आले आणि बाजरीच्या भाकऱ्या अर्ध्यावर असताना आच निळ्याची पिवळी झाली, मग विझली. नंबर लावला तर गाडी चौथ्या दिवशी आली. शेजारच्या वहिनींनी त्यांची भरलेली टाकी दिली म्हणून जेवणं झाली. त्यानंतर दुसरी टाकी घेतली. 2200 रुपये अनामत भरावी लागते, ती कनेक्शन सोडताना परत मिळते. शिवाय हा गॅस पेट्रोलसारखा पडून खराब होत नाही. सहा महिने कोपऱ्यात ठेवला तरी तसाच पेटतो.

बाजारभावाची 5 किलोची छोटी टाकी किलोमागे महाग पडते. भाड्यानं राहणाऱ्या पोरांना ठीक, संसाराला नाही. लाकडाचा विचारच करू नकोस. चुलीत उष्णतेचा साधारण सातवा हिस्सा भांड्याला लागतो, बाकी धूर.

भाचीला सांगितलं ते हे: आधी दुसरी टाकी, आणि उन्हाळ्याआधी जमलं तर साधं इंडक्शन. टाकी येईल तेव्हा गाडीवाल्याला काटा लावायला लाव. टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन अधिक 14.2 भरलं पाहिजे. वरच्या पट्टीवर आतून टाकीच्या पुढच्या तपासणीची तारीख असते: ए-28 म्हणजे मार्च 2028 पर्यंत, बी म्हणजे जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. तारीख उलटलेली परत पाठव. भरलेली टाकी उभीच ठेव, उन्हात नको. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर फरशीलगत साचतो, म्हणून मोरीच्या भोकाजवळही नको. वास आला तर दिव्याचं बटण न दाबता खिडक्या उघड आणि बाहेर येऊन 1906 लाव. चालू टाकीत किती उरलंय हे बघायचं तर ओलं फडकं फिरव. वरचा रिकामा भाग आधी वाळतो, गॅस असेल तिथवर ओल टिकते. ती ओल तळाशी चार बोटं उरली की नंबर लावून टाक.